क्रिल म्हणजे जवळा नव्हे, सर

कस्टम्सच्या खिडकीवरच्या साहेबांनी पेटीवरचा कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "मॅडम, हा जवळाच ना?"

मी कोकणातली. कांद्यावर परतलेला जवळा आणि तांदळाची भाकरी यावर माझं निम्मं बालपण गेलंय. त्यामुळे पहिल्यांदा या प्रश्नाचा राग आला नाही. चार दिवसांत तो प्रश्न बहुधा वीसदा ऐकला, तेव्हा आला.

अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागराच्या मोहिमेवरून गोठवलेले नमुने घेऊन येणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून हे लिहितेय. मोहिमेची निवड, वैद्यकीय तपासणी, केपटाउन, जहाज हे सगळं सुरळीत झालं. जाताना तीन दिवस उलट्या झाल्या, पण त्याला परवाना लागत नाही.

काम होतं प्रिझ उपसागरात. आपलं अंटार्क्टिकावरचं भारती स्थानक त्याच्याच किनाऱ्यावर आहे. तिथे कोण कोणाला खातं, हा माझा विषय. त्यात मुख्य क्रिल, म्हणजे तिथल्या थंड समुद्रातले कोळंबीसारखे दिसणारे छोटे जीव. आधी इको साउंडरवर, म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्रावर, त्यांचा थवा शोधायचा. १२० किलोहर्ट्झवर क्रिल ठळक दिसतं आणि ३८ वर फिकं, त्या फरकावरून ते माशांपासून वेगळं काढता येतं. मग जाळं टाकायचं. क्रिलची लांबी डोळ्याच्या पुढच्या कडेपासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजायची, मिलिमीटरमध्ये, बोटं बधिर झालेली असताना. सोबत सिल्व्हरफिश नावाचे छोटे चंदेरी मासे. तेही क्रिल खातात, आणि क्रिल व हे मासे या दोघांनाही पेंग्विन आणि सील खातात. या सगळ्यांच्या मांसातल्या जड नायट्रोजनचं प्रमाण अन्नसाखळीत दर पायरीला हजारी साधारण ३.४ ने वाढतं. म्हणजे पोट न फाडताही कोण कुठल्या पायरीवर जेवतं ते कळतं.

अट एकच: नमुना गोठलेलाच राहिला पाहिजे. फॉर्मॅलिनमध्ये ठेवला तर मांसातल्या जड कार्बनच्या प्रमाणाचे आकडे हलतात. आणि क्रिल मेलं की त्याच्या पोटातले पाचक रस त्यालाच पचवायला लागतात. आपली मासळी बर्फाशिवाय दुपारपर्यंत तरी तग धरते, क्रिलला तेवढाही धीर नसतो. म्हणून जहाजावर उणे ८० अंशांचा फ्रीझर आणि पुढे विमानाने कोरड्या बर्फात, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये. बाकीचं सामान कंटेनरने आलं, माझी एक पेटी विमानाने.

इथेच एक सांगून टाकते, नाहीतर विसरेन. कोरड्या बर्फाच्या थर्माकोलच्या पेटीचं झाकण चिकटपट्टीने हवाबंद करू नका. बर्फाचा सरळ वायू होतो, त्याला बाहेर पडायला वाट हवी. वर धोकादायक मालाचा नववा वर्ग आणि यूएन १८४५ असं लेबल आणि किती किलो बर्फ आहे तो आकडा. केपटाउनला हे सगळं बरोबर होतं म्हणून मी निश्चिंत होते. तिथेच चुकले.

पेटी एका विमानतळाच्या मालवाहू विभागात शुक्रवारी दुपारी उतरली. (कुठल्या, ते लिहीत नाही.) इनव्हॉइसवर 'फ्रोझन क्रिल' आणि पुढे ०३०६ हा कस्टम्सचा कोड. हा कोड गोठवलेल्या कोळंबी-चिंबोऱ्यांचा. तो दिसताच फाइल खाद्यपदार्थांच्या टेबलावर गेली आणि तिथून क्वेरी आली: शेल्फ लाइफ किती शिल्लक आहे? आयात केलेल्या खाद्यपदार्थाची किमान साठ टक्के किंवा तीन महिने तरी शिल्लक लागते. शिवाय मासळीचा सॅनिटरी परवाना, जो माल निघायच्या आधीच घ्यायचा असतो.

मी म्हटलं, सर, हे खायचं नाही. ते म्हणाले, मग जगात कोणीच खात नाही का?

आता मी गप्प बसायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच सरकारी खिडकीवर कुणीतरी क्रिलबद्दल विचारत होतं! मी सांगितलं की नॉर्वे आणि चीनची जहाजं ते पकडतात, त्याचं तेल कॅप्सूलमधून विकतात, दक्षिण महासागरातल्या मासेमारीवर लक्ष ठेवणाऱ्या आयोगाचा भारत १९८६ पासून सदस्य आहे, आणि १९९५-९६ मध्ये आपली 'सागर संपदा' खास क्रिलच्या मोहिमेवर गेली होती. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लिहिलं, 'एडिबल'.

मग दुसरं नाव. त्यांनी संगणकावर 'सिल्व्हरफिश' टाइप केलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर कसर. जुन्या पुस्तकांत असते ती. "हा तर कीटक आहे, मॅडम. याला प्लांट क्वारंटाइनचं पत्र लागेल." म्हणजे माझ्या एकाच पेटीत जेवणही होतं आणि कीडही.

इनव्हॉइसवर सिल्व्हरफिश लिहूच नका. प्ल्युराग्रामा लिहा, क्रिलचं युफॉसिया सुपर्बा लिहा. लॅटिन नाव दिसलं की माणूस जरा दबकतो.

संध्याकाळी साडेपाचला टेबल उठलं. शनिवार, रविवार, आणि सोमवारी सुट्टी. वीस किलो बर्फ भरला होता, त्यातला किती उरला असेल याचा हिशेब मी फुटपाथवर उभी राहून करत होते. तपासणी झाल्याशिवाय पेटी उघडता येत नाही. क्वेरीचं उत्तर दिल्याशिवाय तपासणी होत नाही. आणि न उघडता बर्फ भरायचा कसा? निदान कोल्ड रूममध्ये ठेवा म्हटलं, तर तिथले सुपरवायझर म्हणाले, ही जागा फक्त औषधं आणि नाशवंत खाद्यपदार्थांसाठी. एका मजल्यावर माझं क्रिल खाद्यपदार्थ म्हणून अडकलं होतं आणि खालच्या मजल्यावर खाद्यपदार्थ नाही म्हणून उन्हात उभं होतं.

मी तिथेच रडले. लपवत नाही. आमच्या क्लिअरिंग एजंट दादांनी पाण्याची बाटली दिली आणि म्हणाले, "ताई, वर खाद्यपदार्थ म्हणतात ना? मग खाली तोच कागद दाखवू." त्या क्वेरीची प्रिंट घेऊन ते सुपरवायझरकडे गेले. सरकारच म्हणतंय खायचं आहे! पेटी उणे २० च्या खोलीत गेली. रविवारी कुणा अधिकाऱ्याला गाठून, त्याच्यासमोर सील काढून, त्यांनी दहा किलो बर्फही भरून घेतला. एजंटच्या फीवरून आधी मी कुरकुर केली होती. आता नाव काढणार नाही.

मंगळवारी वेगळे साहेब होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी एकच विचारलं, "खातं कोण हे?"

"पेंग्विन, सील, देवमासे."

"मग माणसाच्या खाण्याचं नाही, असं संस्थेच्या लेटरहेडवर लिहून आणा. आणि कोड बदला." कोड होता ०५११, त्यातला ९१. मेलेले जलचर, खाण्यासाठी नसलेले. तीन ओळींचं पत्र. शुक्रवारी माझ्या जिभेला कुलूप असतं आणि हे पत्र पर्समध्ये असतं तर मी संध्याकाळच्या गाडीने गोव्याला, आमच्या प्रयोगशाळेत, पोचले असते.

किंमत! तेही राहिलंच. मी शून्य लिहिलं होतं, संगणक शून्य घेत नाही. 'व्यापारी मूल्य नाही, फक्त कस्टम्ससाठी' असं लिहून काहीतरी आकडा द्यावा लागतो. मी दहा डॉलर लिहिले. चाळीस रात्री डेकवर काढल्या होत्या त्याचे.

प्रयोगशाळेत पेटी उघडली तेव्हा तळाशी मूठभर बर्फ होता. वरच्या थरातल्या अकरा कुप्यांमधलं क्रिल मऊ पडून डोक्याजवळ काळं झालं होतं. ते बाद. बाकीचं शाबूत. सिल्व्हरफिशच्या कानातल्या खड्यांना, ज्यांवर वयाची वर्तुळं असतात, कशाचंच काही झालं नव्हतं.

डेमरेजचं, म्हणजे माल गोदामात पडून राहिल्याच्या भाड्याचं बिल अजून लेखा विभागात पडून आहे. गोदामवाल्यांनी त्यावर 'फ्रोझन श्रिम्प' असं छापलंय, आणि विभागाने लेखी विचारलंय की कोळंबी कोणत्या कार्यक्रमासाठी मागवली होती.