आधी स्टाफ धरला, मग ड्रोन

मला मेसेज येतात त्यातले निम्मे एकच विचारतात, सर सर्व्हेला, म्हणजे जमीन मोजून नकाशा करायला, ड्रोन कुठला घेऊ? अरे उडवायचं काय, ते आता जवळपास आपलं आपणच उडतं!

मी या लाइनीत आलो तेव्हा सर्व्हेला ड्रोन नव्हतेच. पहिली दोन वर्षं लेव्हलिंगचा स्टाफ, म्हणजे उंची मोजायची आकडे लिहिलेली काठी, धरून उन्हात उभा राहिलो, मग टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, मग ट्रॅव्हर्स, म्हणजे एका पॉइंटवरून पुढचा असं मोजत जायचं, आणि तो क्लोज झाला नाही, म्हणजे शेवटी माहीत असलेल्या पॉइंटशी जुळला नाही, की परत पहिल्यापासून मोजा, जाम वैताग यायचा पण एरर कुठून आत शिरते ते तिथेच कळलं. नंतर फोटोग्रामेट्री, म्हणजे फोटोंवरून मोजमाप. विमानातल्या लागोपाठच्या दोन फोटोंत साधारण 60 टक्के भाग कॉमन, शेजारच्या फेरीत काढलेल्या फोटोंच्या पट्टीशी 30 टक्के, आणि ती जोडी स्टीरिओत, म्हणजे उंचसखलपणा दिसेल अशी, बघत कंटूर, म्हणजे समान उंचीच्या रेषा, ओढायचे, डोळे दुखायचे. ड्रोनला आता 75-80 टक्के ओव्हरलॅप ठेवतो कारण सॉफ्टवेअरला तेच तेच पॉइंट बऱ्याच फोटोंत सापडावे लागतात.

माझीच एक फजिती सांगतो. जीपीएस उंची देतो ती एलिप्सॉइडपासून, म्हणजे पृथ्वीचा गणिताने मानलेला गुळगुळीत आकार त्यापासून, आपले बेंचमार्क, म्हणजे उंची ठरवून दिलेल्या खुणा, असतात समुद्रसपाटीपासून, आणि या दोन्हीतला फरक जागेप्रमाणे बदलतो, हिंदी महासागरात एके ठिकाणी तो 100 मीटरच्याही वर जातो. मी जिओइड मॉडेल, म्हणजे हा फरक जागेप्रमाणे देणारं मॉडेल, लावायलाच विसरलो. नकाशा इतका देखणा दिसत होता की कुणाला शंकाच आली नाही, शेवटी जुन्या ड्रॉइंगमधला पूल त्यावर टाकला तर तो हवेत तरंगतोय! तेव्हापासून डेटा हातात आला की आधी उंची कशापासून आहे ते बघतो, बाकी सगळं नंतर.

म्हणून कुणाला कामावर घेताना फ्लाइंग अवर्स मी फारसे बघत नाही. विचारतो, चेकपॉइंट किती ठेवले होतेस, म्हणजे जे प्रोसेसिंगला न देता फक्त तपासायला बाजूला ठेवतात ते. बरेच जण म्हणतात सगळे जीसीपी (जमिनीवर अचूक मोजलेले कंट्रोल पॉइंट) वापरले सर, एरर 1 सेंटीमीटर आली. येणारच ना, ज्या पॉइंटवर बसवलं त्यावरच तपासलं! सगळे कंट्रोल पॉइंट कडेकडेला आणि मधे एकही नाही असं असेल तर सपाट मैदानसुद्धा मधे घुमटासारखं फुगलेलं येऊ शकतं. हे ऐकून जो लगेच विचारतो की मग मधे किती ठेवायचे, त्याच्याशी पुढे बोलतो.