व्ही१० पाहिजे म्हणता, पण इंजिनाचं बिल कोण भरणार?

२०२५ च्या सुरुवातीला फॉर्म्युला वनचे (एफ१) नियम ठरवणाऱ्या एफआयएचे अध्यक्ष बेन सुलायेम यांनी व्ही१०, म्हणजे जुनी दहा सिलिंडरची इंजिनं, परत आणायचा विषय काढला आणि झालं, सगळ्या एफ१ ग्रुपांमध्ये २००४-०५ चे व्हिडिओ फिरायला लागले, हेडफोन लावून ऐका वगैरे. आवाज मलाही आवडतो, नाही कशाला म्हणू. पण आवाजावर भांडण तासभर चालतं आणि बिलाचा विषय काढला की सगळे गप्प, याचं मला जाम डोकं फिरतं.

२०१४ ला १.६ लिटरचं हायब्रिड व्ही६ आलं, म्हणजे सहा सिलिंडर आणि जोडीला वीज. कागदावर झकास, कारण रेसला जास्तीत जास्त १०० किलो पेट्रोल, टर्बोच्या शाफ्टवर बसवलेली एमजीयू-एच नावाची मोटर एक्झॉस्टच्या उष्णतेतून वीज काढणार, आणि मर्सिडीजने तर २०१७ मध्ये टेस्ट बेंचवर, म्हणजे गाडीबाहेर इंजिन चालवून, इंधनातल्या निम्म्याहून जास्त ऊर्जेचा उपयोग करून दाखवला, जे पेट्रोल इंजिनासाठी खरंच कमाल आहे. पण हे सगळं विकत घ्यायचं कोणी? ज्यांच्याकडे स्वतःचं इंजिन नाही त्या टीम्सनी. त्याआधीच्या व्ही८ च्या दिवसांत जे बिल निभायचं ते एकदम वर गेलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅटरहॅम आणि मारुसिया या छोट्या टीम्स दोघी बुडाल्या. इंजिन हे एकच कारण नव्हतं, मान्य, पण मारुसियाच्या थकलेल्या बिलांमध्ये इंजिन देणाऱ्या फेरारीचं बिल चांगलंच मोठं होतं.

खर्च कमी करायला काय केलं तर इंजिनांची संख्या कमी केली. ड्रायव्हरला सीझनला पाच, मग चार, २०१८ ला तीन. ऐकायला बरं वाटतं, पण एक इंजिन सात-सात रेस टिकवायचं म्हणजे कारखान्यात बेंचवर किती तास फिरवून, किती मोडून बघावं लागत असेल, तो पैसा काय आकाशातून पडतो? आणि नाही टिकलं तर पेनल्टी, म्हणजे रेस सुरू होतानाच्या रांगेत (ग्रिडवर) मागच्या जागा. २०१५ ला बेल्जियमच्या स्पा रेसला मॅक्लारेन-होंडाच्या दोन गाड्यांना मिळून १०५ जागांची पेनल्टी लागली होती, ग्रिडवर गाड्या वीस!

त्याच वर्षी एफआयएने इंजिन विकत घेणाऱ्या (कस्टमर) टीमसाठी इंजिनाच्या किमतीवर कमाल मर्यादा घालायची ठरवली आणि फेरारीने आपला खास व्हेटो (नियम अडवायचा हक्क) वापरून ती उडवली. मग एफआयएने बाहेरच्या कोणाकडून तरी स्वस्तातलं वेगळं इंजिन बनवून घेऊ असं म्हटलं, तेव्हा कुठे कंपन्या पुढच्या वर्षी किंमत थोडी उतरवायला आणि कोणी टीम इंजिनाविना राहिली तर तिला इंजिन द्यायला तयार झाल्या. धमकी दिली म्हणून झालं ते, मनापासून नाही. आपल्या फोर्स इंडिया टीमचं पण तेच, २०१८ ला दिवाळखोरीत गेली तेव्हा ज्यांचे पैसे अडकले होते त्यांच्यात इंजिन देणारी मर्सिडीजही होतीच.

आता याउलट १९६७ बघा. फोर्डने एक लाख पौंड दिले, कॉसवर्थ या स्वतंत्र इंजिन कंपनीने डीएफव्ही नावाचा व्ही८ बनवला, नेदरलँड्सच्या झांडव्होर्टला पहिल्याच रेसला जिम क्लार्क जिंकला. पुढच्या वर्षीपासून ते इंजिन साधारण ७५०० पौंडांना दुसऱ्या टीम्सनाही मिळायला लागलं. टिरेल, मॅक्लारेन, विल्यम्स, गॅरेजातून वर आलेली ही मंडळी याच इंजिनावर मोठी झाली. १९६९ आणि १९७३ ला तर एकूण एक रेस याच इंजिनाने जिंकली, आणि तरी कोण जिंकणार ते आधी कळायचं नाही, कारण पुढच्याच्या आणि मागच्याच्या गाडीत इंजिन तेच.

हेच कॉसवर्थ २०१० ला परत आलं होतं, छोट्या टीम्सना व्ही८ द्यायला. करुण चांढोक आणि नारायण कार्तिकेयन यांच्या एचआरटी टीमच्या गाडीत तेच होतं, म्हणजे दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर कार्तिकेयनची गाडी ऐकलीत तर कॉसवर्थच ऐकलंत तुम्ही. हायब्रिड आलं आणि २०१३ नंतर ते गेले, त्यांच्या आवाक्यातलं नव्हतंच ते.

२०२६ साठी एमजीयू-एच काढली, ते बरं केलं, भयंकर महाग प्रकरण होतं. पण बदल्यात इलेक्ट्रिक मोटर १२० वरून ३५० किलोवॅट, म्हणजे जवळपास निम्मी ताकद बॅटरीची. हे पाहून ऑडी आली, होंडा परत आली, आणि रेनॉने मात्र स्वतःचं इंजिन बंद करून आपल्या अल्पीन टीमला मर्सिडीजचं बसवलं. इंजिनवाल्यांना आता वर्षाच्या खर्चाची मर्यादा आहे, १३ कोटी डॉलर. याला मर्यादा म्हणतात!

आता पुढे व्ही८ आणायचं बोलतायत. आणा ना, पण नियम लिहिताना टेबलाभोवती फक्त गाड्यांच्या कंपन्या बसल्या तर आवाज बदलेल, बिल तेच राहील. कॉसवर्थ अजून नॉर्थहॅम्पटनला आहे, अ‍ॅस्टन मार्टिन वाल्किरी गाडीचा ११,००० आरपीएमचा व्ही१२ त्यांनीच बनवला. अशा एखाद्या स्वतंत्र कंपनीला परवडेल आणि छोट्या टीमला विकून वर दोन पैसे सुटतील असं इंजिन लिहा नियमात. सिलिंडर मग आठ ठेवा, दहा ठेवा, माझं काही म्हणणं नाही.