चूर्ण, गोळ्या आणि पोटॅशियम: सासूबाईंच्या औषधांची घडी बसवताना

सासूबाईंच्या पोटऱ्यांत रात्री गोळे यायला लागले, तेव्हा घरात सगळ्यांनी एकच निदान केलं: कॅल्शियम कमी पडतंय. पण कॅल्शियमची गोळी तर चालूच होती. रक्तदाबाची होती, लोहाची होती, आणि आठवड्यातून एकदा 60,000 युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी दुधातून जात होती. जिना चढताना पायांत जोरच राहत नाही म्हणायला लागल्या, तेव्हा त्यांना खानापूरहून बेळगावला डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं. स्नायूंना लागणारा क्षार, पोटॅशियम, 2.9. तो निदान 3.5 तरी असायला हवा; कमी पडला की असेच गोळे येतात आणि जोर जातो.

डॉक्टर मूळचे कन्नड, पण मराठी आपल्यासारखंच बोलतात. "आजी, या गोळ्यांशिवाय आणखी काय घेता?"

"औषध असं काही नाही हो. रात्री झोपताना तेवढं चूर्ण."

आपल्याकडे चूर्णाला औषध कोण म्हणतं? ते घरातलंच असतं. फाईलमध्ये त्याचा उल्लेख नाही, कुठल्या चिठ्ठीवर नाही. त्यात काय काय आहे ते बघून या, असं डॉक्टरांनी सांगितलं, तर घरी पाकीटच नव्हतं. आणलं की स्टीलच्या डब्यात ओतायचं आणि पाकीट फेकायचं, हीच रीत. डब्यात उरलेलं मातकट हिरवं चूर्ण, ओव्याचा आणि काळ्या मिठाचा वास. त्यावरून काय कळणार? शेवटी मारुती गल्लीतून नवं पाकीट आणलं. नाव मोठ्या कन्नड आणि इंग्रजी अक्षरांत, घटक मात्र मागच्या बाजूला मुंगीएवढ्या इंग्रजीत. सासूबाईंना मराठीच वाचता येतं, म्हणजे इतकी वर्षं त्यांना ते कळायचा प्रश्नच नव्हता. मोबाईलवर फोटो काढला, मोठा करून वाचला: सोनामुखी सगळ्यात जास्त, मग हिरडा, ज्येष्ठमध, ओवा, सैंधव, काळं मीठ.

ही यादी डॉक्टरांसमोर ठेवल्यावर चित्र स्पष्ट झालं. सोनामुखीतले सेनोसाइड नावाचे रेचक घटक मोठ्या आतड्यातल्या जंतूंमुळे फुटतात आणि आतड्याला ढकलतात. त्याला सहा ते बारा तास लागतात, म्हणून रात्री घेतलं की सकाळी पोट साफ. थोडे दिवस घ्यायला हरकत नसते. पण रोजचं झालं आणि पातळ व्हायला लागलं, की पाण्याबरोबर पोटॅशियमही जातं. त्यात सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळीत क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारं औषध आहे. ते लघवीवाटे पोटॅशियम घालवतं. ज्येष्ठमध जास्त प्रमाणात बरेच दिवस पोटात गेला, तर तोही पोटॅशियम उतरवतो, वर रक्तदाब चढवतो. आणि जेवणातलं मीठ आम्ही मोजून घालायचो, ते चूर्णातून निमूट पोटात जात होतं.

मला सगळ्यात अस्वस्थ केलं ते पुढच्या गोष्टीने. जुनी फाईल काढून बसले. "माझा कोठाच जड" असं त्या नेहमी म्हणायच्या, पण रोज चूर्ण लागायला लागलं ते लोह आणि कॅल्शियम सुरू झाल्यानंतर. या दोन्ही गोळ्यांनी पोट धरतं. म्हणजे गोळ्यांनी पोट धरायचं, त्यावर चूर्ण, चूर्णाने अशक्तपणा, आणि अशक्तपणा आला म्हणून आणखी एखादी ताकदीची गोळी मागायची. शिवाय हिरड्यात टॅनिन असतं. ते चहातल्यासारखंच लोहाला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही. लोहाची गोळी त्या रात्री जेवणानंतर घ्यायच्या, आणि पाठोपाठ चूर्ण.

रक्तदाबाची गोळी मनाने बंद करायची नाही, हे डॉक्टरांनी दोनदा बजावलं. पोटॅशियमचं सिरप काही दिवस दिलं. चव इतकी वाईट की ग्लासभर पाण्यात मिसळून घोट घोट घ्यावं लागायचं. लोह एक दिवसाआड केलं, सकाळी अकराच्या सुमाराला, चहापासून लांब. कॅल्शियम दुपारच्या जेवणाबरोबर, कारण ही दोन्ही एकत्र घेतली की कॅल्शियम लोहाच्या आड येतं. ड जीवनसत्त्व तेलातुपात विरघळणारं, म्हणून ती पुडी रविवारी जेवण झाल्यावर. चूर्णाच्या जागी इसबगोल आलं, तेही बाकीच्या गोळ्यांपासून दोन तास दूर आणि भरपूर पाण्याबरोबर. पाणी कमी पडलं तर इसबगोल घशात नाहीतर आतड्यात अडकू शकतं. दिनदर्शिकेच्या जुन्या पानामागे ठसठशीत मराठीत वेळा लिहून कागद फ्रिजवर चिकटवला.

चूर्ण सोडणं सोपं गेलं नाही. पहिल्या आठवड्यात "पोट दगड झालंय गं" म्हणून त्या चिडचिड करायच्या. आम्ही शहापुरातल्या एका वैद्यांनाही विचारलं. त्यांनीही तेच सांगितलं: सोनामुखी रोज घ्यायची वस्तू नव्हे. सासूबाईंना डॉक्टरांपेक्षा वैद्यांचं पटलं, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. पालेभाजी, ज्वारीची भाकरी, सकाळी कोमट पाणी आणि संध्याकाळी गल्लीत एक फेरी, यावर हळूहळू जमलं. पुढच्या तपासणीत पोटॅशियम 3.9 आलं. गोळेही थांबले.

आता गल्लीतल्या बायका आपापल्या पिशव्या घेऊन येतात. मी कुणाला गोळी बदलायला सांगत नाही, फक्त यादी करून देते. शेजारच्या काकू थायरॉईडच्या गोळीवरच कॅल्शियम घ्यायच्या. त्या दोहोंत चार तासांचं अंतर लागतं. एक आजोबा पोट साफ व्हायला वर्षानुवर्षं पातळ पॅराफिन घेतात. ते तेल अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं आपल्याबरोबर बाहेर घेऊन जातं. दुसऱ्या एकांना हृदयासाठी डिगॉक्सिन आहे आणि रात्री सोनामुखीचं चूर्ण. पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिन हृदयाच्या ठोक्यांवर उलटतं. त्यांच्या मुलाला मी त्याच दिवशी फोन केला: चूर्णाचं पाकीट घेऊन आजच डॉक्टरांना भेटा.