एकच मोठं अभयारण्य का नाही करत?

कोल्हापूर आणि सिंधुदुर्गातल्या राखीव जंगलांचे नकाशे करणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे ट्रेकर मंडळी असोत की निवृत्त तहसीलदार, एक प्रश्न मला सगळेच विचारतात: "चांदोली आहे, राधानगरी आहे, मग मधे हे तुकडे-तुकडे कशाला? कोयनेपासून तिलारीपर्यंत एकच मोठं अभयारण्य का नाही करून टाकत?"

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. मोठी रेघ ओढून झालेली आहे. सह्याद्रीत नाही, सोलापूर-नगरच्या माळावर. १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी जे अभयारण्य जाहीर झालं ते जवळपास साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. आत तालुकेच्या तालुके: गावं, बाजारपेठा, रस्ते, ज्वारीची शेतं. वनखात्याच्या ताब्यातली जमीन त्यात थोडकी, बाकी सगळी शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यावरची. वन्यजीव कायद्याचं कलम २० म्हणतं, की अभयारण्याची अधिसूचना निघाली की हद्दीतल्या जमिनीवर वारसा सोडून नवा हक्क लागत नाही. आता मुलीच्या लग्नासाठी दोन एकर विकायला निघालेल्या माणसाच्या जागी उभं राहून हे कलम वाचा. माळढोक म्हटलं की तिथे लोक तोंड का वाकडं करायचे ते लगेच कळेल. शेवटी २०१२ मध्ये हद्द आक्रसून सव्वाबाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणली. तोवर उजनीचं पाणी आणि ऊस माळावर पसरले होते, आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला तो पक्षी तिथून जवळजवळ गेलाच.

म्हणून आमच्या कामात हद्द किती मोठी हे मी नंतर बघतो. आधी गट नंबर लावून बघतो, की आत जमीन कोणाची.

देशातल्या राखीव जंगलांचं जाळं आखायचं पहिलं नीट काम १९८८ मध्ये डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत झालं. तिथल्या रॉजर्स आणि पनवार या अभ्यासकांनी देशाचे दहा जैवभौगोलिक विभाग पाडले आणि कुठल्या विभागात राखीव जंगलं कमी पडलीत ते दाखवलं. वाघ कुठे आहे यावरून जागा ठरवायची सवय त्यांनी मोडायचा प्रयत्न केला. सवय पुरती मोडली नाही, ते सोडा. पण त्यांचा दुसरा मुद्दा, की राखीव जंगलं एकमेकांना जोडलेली हवीत, तो आमच्या भागात निदान कागदावर तरी उतरला.

तो उतरला २००२ च्या कायदादुरुस्तीमुळे. त्या दुरुस्तीने 'संवर्धन राखीव' असा नवा प्रकार आणला: जमीन सरकारी, जागा शक्यतो दोन अभयारण्यांना जोडणारी, आधी स्थानिकांशी बोलायचं, आणि व्यवस्थापन समितीत हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा माणूस. २०२० मध्ये आधी तिलारी झालं, साडेएकोणतीस चौरस किलोमीटर. त्याच डिसेंबरात राज्य वन्यजीव मंडळाने जोर-जांभळी, विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड, आंबोली-दोडामार्ग अशी माळच मंजूर केली. तुम्ही म्हणता ते तुकडे हेच. उत्तरेकडून दक्षिणेकडे बोट फिरवा: जोर-जांभळी कोयनेच्या वर, बाकीचे चांदोली-राधानगरीच्या मधल्या फटीत आणि राधानगरीच्या खाली बसतात, आणि गोव्यातल्या म्हादई आणि कर्नाटकातल्या भीमगड अभयारण्याला जाऊन टेकतात. सह्याद्रीत वाघ येतो तो याच बाजूने.

वाघाला सलग जंगलच लागतं असंही नाही. २०१९ मध्ये टिपेश्वरचा, गळ्यात रेडिओ-पट्टा बांधलेला एक वाघ तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला. वाटेत बरीचशी शेतंच होती. त्याला लपायला ओढे-नाले मिळाले आणि कोणी मारलं नाही, एवढ्यावर भागलं.

संवर्धन राखीव म्हणजे रामबाण, असं मी म्हणणार नाही. शिकार, वणवा, विष घालणं यांवरच्या तरतुदी लागू होतात, पण अभयारण्याइतका कडक कायदा तो नव्हे. खाणवाल्याला अडवायची वेळ आली तर मला अभयारण्यच जास्त भरवशाचं वाटेल. पण लोकांना न दुखवता आज जे मिळतंय ते आधी पदरात पाडून घ्यावं, या मताचा मी आहे.

खरी अडचण सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात आहे, आणि ती नकाशावर दिसत नाही. तिथलं कितीतरी जंगल मालकीचं. एकेक सातबारा काढला तर सामाईकात वीस-वीस, तीस-तीस नावं. त्यातले दोघे गावात, बाकीचे परळ, डोंबिवली, एखादा दुबईला, आणि चार जण वारून वारस नोंदच झालेली नाही. अशा जमिनीसाठी कायद्यात 'समुदाय राखीव' आहे, मालकांनी आपणहून द्यायचं. आपल्याकडे तो मार्ग फारसा कोणी धरलेला नाही. धरणार कसा? संमती घ्यायला निघालो तर पहिला सवाल "काय मिळणार?" आणि रबरवाला रोख घेऊन दारात उभा. रबराची लागवड झाली की सावली राहते, पण खाली गवा खाईल असं काही उगवत नाही. मालकाला रबराऐवजी उभं जंगल राखल्याचे दरवर्षी काहीतरी पैसे मिळायला हवेत. तेवढी सोय झाली तर तुम्ही म्हणता ती सलग हद्द आखायला मला एक दुपार पुरेल.