दुकानात अजून एक्सपी का?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगतो. नाशकात रविवार कारंज्याजवळच्या माझ्या डीटीपीच्या (संगणकावर पुस्तकांची पानं लावण्याच्या) दुकानात कुणीही आलं की कोपऱ्यातल्या विंडोज एक्सपीच्या जुन्या संगणकाकडे बोट दाखवतं, "काका, हे अजून भंगारात दिलं नाही?" त्याचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला, हे मला माहीत आहे. म्हणूनच त्याला नेट जोडलेलं नाही.

माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर डोंगलवर चालतं, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या खाचेत (पॅरलल पोर्टमध्ये) किल्लीसारखं खोचायचं एक यंत्र असेल तरच. ते डोंगल विंडोजला ओळखवून देणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, जुन्या 32 बिटचा. 64 बिटचं विंडोज तो उचलतच नाही. जुने प्रोग्राम चालवायची सोय, कम्पॅटिबिलिटी मोड, लावून पाहिला. त्याने प्रोग्रामची समजूत घालता येते, ड्रायव्हरची नाही. आणि नव्या मशीनला तो पोर्टच नाही.

तरी 2019 मध्ये तुमच्यासारख्यांचं ऐकून एक काम नव्या विंडोजवर घेतलं. गंगापूर रोडच्या एका आजोबांचं आठवणींचं पुस्तक मीच पूर्वी लावलं होतं, त्याची दुसरी आवृत्ती काढायची होती. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही नव्या मशीनला कळणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, घेतला. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये र् आधी लागतो. कन्व्हर्टरने तो होता तिथेच ठेवला. 'वर्ष'चं 'वषर्', 'धर्म'चं 'धमर्'. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत एकेक रफार जागेवर नेला. आतली पानं तीनदा वाचली. अर्पणपत्रिका वाचली नाही, एकच तर ओळ होती. 'स्वर्गवासी पत्नीस'ऐवजी 'स्वगर्वासी पत्नीस' छापून आलं. तीनशे प्रती. आजोबांनी दुकानातच पहिली प्रत उघडली, त्या शब्दावर अंगठा ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुम्ही तर तिला पाहिलं होतं," एवढंच म्हणाले. ते पान माझ्या खर्चाने बदलून दिलं. नंतर ते कधी आले नाहीत.

चूक घाईची होती, नव्या विंडोजची नाही, हे मलाही कळतं. युनिकोड तर एक्सपीतही चालायचं. मुलगी तेव्हाच म्हणाली होती, "बाबा, निदान नवी कामं तरी त्यात करा." मी म्हणालो, मी पानं लावतो त्या पेजमेकरला युनिकोड कळत नाही. ते खरंच होतं. पण पेजमेकर सोडता आला असता. हात बसला होता, आणि दिवाळी अंकांच्या धबडग्यात दुसरं शिकायला सवड मिळाली नाही. हे कारण की सबब, माझं मलाच अजून ठरवता येत नाही.

हल्ली शटर ओढण्याआधी रोज एक जुनी फाइल एक्सपीतून बाहेर काढतो. अर्पणपत्रिका आधी वाचतो. चाळीसेक पुस्तकं उरली आहेत, आणि हार्ड डिस्क सुरू होताना टकटक करायला लागली आहे.