तुम्ही विचारलेत म्हणून: मेंढ्यांच्या मालिकेत एवढे काय आहे?

ठाण्याच्या मासुंदा तलावावर संध्याकाळी फिरताना जुने विद्यार्थी भेटतात, चौकशी होते आणि बोलणे हमखास एका प्रश्नावर येते: ‘बाई, तुम्ही आयुष्यभर मराठी शिकवलीत आणि आता जिच्यात एकही शब्द उच्चारला जात नाही अशी मेंढ्यांची मालिका इतक्या आवडीने कशी पाहता?’ प्रश्न ‘शॉन द शीप’ या मालिकेविषयी असतो आणि विचारणाऱ्याला बहुधा असे वाटत असते की, नातवाच्या हट्टापुढे माझे काही चालत नाही. तसे नाही. नातू शाळेत गेलेला असतानाही मी ती पाहते, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील आर्डमन या अ‍ॅनिमेशनपट बनवणाऱ्या संस्थेने बाहुल्यांची ही मालिका 2007 साली सुरू केली. शॉन हा मेंढा त्याआधी 1995 मध्ये दिग्दर्शक निक पार्क यांच्या एका लघुपटात छोट्या भूमिकेत येऊन गेला होता. मालिकेचा एक भाग साधारण 7 मिनिटांचा असतो. एक शेतकरी, त्याचा कळप, बिट्झर नावाचा राखणदार कुत्रा आणि शेजारच्या कुंपणात खोड्या काढायला टपलेली डुकरे, एवढाच संसार. शेतकऱ्याची पाठ वळली की मेंढ्या दोन पायांवर उभ्या राहून खेळू लागतात, यंत्रे चालवतात, मेजवान्या करतात. तो वळून पाहतो तेव्हा सगळ्या निमूटपणे चरत असतात. हे गुपित शेतकऱ्याला कधीच कळत नाही, ते फक्त पाहणाऱ्याला ठाऊक असते, आणि या विश्वासात आपल्याला घेतले गेल्याचा आनंद चार वर्षांच्या मुलाला जितका होतो तितकाच मलाही होतो.

आमच्या घरात या मालिकेचे मोल वेगळ्याच कारणाने वाढले. माझ्या सासूबाईंना आता फारसे ऐकू येत नाही. इतर कोणतीही मालिका लागली की त्या सतत ‘काय म्हणाला तो?’ असे विचारतात, आपण दोन वाक्यांत सांगतो, तोवर पुढचे दोन प्रसंग निघून जातात, आणि हळूहळू विचारणेच थांबते. घरातले माणूस घरातच असे बाजूला पडते. नातवाला अजून वाचता येत नाही, त्यामुळे परक्या भाषेतल्या चित्रपटांच्या तळाशी येणाऱ्या ओळी त्याच्याही उपयोगाच्या नाहीत. शॉनची गोष्ट मात्र कुणी कुणाला समजावून सांगावी लागत नाही. एखादी शिडी कलू लागली की दोघे एकाच क्षणी हसू लागतात, कारण ती पडणार हे दोघांनाही एकाच वेळी कळलेले असते. ही मालिका शंभराहून अधिक देशांत पाहिली जाते आणि तिला कुठेही नव्या भाषेतले संवाद चढवावे लागत नाहीत. ब्रिस्टलमधले मूल जे ऐकते तेच ठाण्यातले मूल ऐकते.

सासूबाईंचे माहेर माण तालुक्यातले, त्यांनी लहानपणी धनगरांचे कळप जवळून पाहिलेले. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “मेंढरू कधी आपल्या डोक्यानं चालत नाही गं, एकामागनं दुसरं जातं, फुडं खड्डा असला तरी.” मालिकेची सगळी गंमत याच निरीक्षणावर उभी आहे, असे मला त्यानंतर जाणवले. कळप कळपासारखाच वागतो, रांगेने येतो, घाबरला की एकत्र घाबरतो. त्यात एकटा शॉन विचार करतो. ज्याने खरी मेंढरे पाहिली आहेत त्याला हे अधिक खोलवर भावते.

शब्द नाहीत म्हणजे आवाज नाहीत असे मात्र नव्हे. शेतकरी सतत काहीतरी पुटपुटत असतो आणि त्यातला एक शब्दही कळत नसताना तो वैतागला आहे, खूश आहे की स्वतःशीच हिशेब करतो आहे, हे केवळ स्वराच्या चढउतारावरून नेमके समजते. शेतकरी आणि बिट्झर या दोघांचेही आवाज जॉन स्पार्क्स या एकाच अभिनेत्याचे आहेत. वर्गात कविता वाचताना स्वराघाताने अर्थ कसा उमलतो हे मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आले. इथे तोच गुण कवितेशिवाय ऐकायला मिळतो.

या कामामागचे कष्टही मला मोलाचे वाटतात. बाहुली किंचित हलवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा किंचित हलवायची, ही ती पद्धत. सेकंदाला 25 चौकटी, म्हणजे स्थिर चित्रे, धरल्या तर 7 मिनिटांना 10,500 चौकटी लागतात. प्रत्येक स्थिती दोन चौकटी टिकवली तरी पाच हजारांहून अधिक वेळा कुणीतरी हाताने तो कान, ती मान, ती पापणी सरकवलेली असते. म्हणूनच बहुधा तिथे वायफळ हालचाल दिसत नाही.

सर्वांत लाडका मात्र मला बिट्झर आहे. डोक्यावर लोकरीची टोपी, हातात नोंदींची पाटी, गळ्यात शिट्टी. मालकाशी इमान राखायचे आणि मेंढ्यांशी मैत्रीही, या ओढाताणीत तो रोज सापडतो. मुख्याध्यापक आणि वर्ग यांच्यामध्ये उभी असलेली पर्यवेक्षिका मी अनेक वर्षे होते, त्यामुळे त्याचा प्रत्येक सुस्कारा मला ओळखीचा वाटतो. तो मेंढ्यांवर रागावतो, पण त्यांना उघडे पाडत नाही. या मालिकेत फजिती भरपूर आहे, दुष्टावा जवळजवळ नाही, आणि मुलांसमोर हे ठेवणे फार अवघड काम आहे.

2015 साली आलेला चित्रपटही आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला. त्यात शेतकऱ्याची स्मृती जाते, पण लोकर कातरण्याची हाताची सवय उरते आणि तिच्या जोरावर तो शहरात केशरचनाकार म्हणून गाजतो. ही कल्पना मला फार आवडली. शहरातली पळापळ मात्र थोडी लांबली आहे. तेव्हा कुणाला सुरुवात करायची असेल तर चित्रपट मागाहून पाहावा. पहिल्या भागात मेंढ्यांच्या हाती कोबीचा एक गड्डा लागतो आणि त्याचा फुटबॉल होतो. तो भाग आधी लावावा.