ऊन पडलं आणि छत गळू लागलं

डॅलसच्या आसपासच्या इमारतींत आगीच्या स्प्रिंकलरची देखभाल करणं हे माझं काम. उत्तरेकडच्या थंड मिनेसोटात पाइप गोठणारच असं धरून बांधकाम होतं. टेक्सासात तेवढा धाक नाही, आणि गोम तिथेच आहे.

2021च्या फेब्रुवारीत 15 तारखेच्या मध्यरात्रीनंतर वीजकपात सुरू झाली, 16ला पारा उणे 19 सेल्सिअसपर्यंत उतरला. त्या दिवसांत फोन वाजत होते, पण खरा कहर झाला ऊन पडल्यावर. पाण्याचा बर्फ झाला की तो सुमारे 9 टक्के जास्त जागा घेतो. बर्फाचा गोळा आणि बंद स्प्रिंकलर यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्याला पळायला वाट उरत नाही, दाब वाढत जातो आणि पाइप चिरतो. मात्र बर्फ आहे तोवर थेंबही गळत नाही, कारण बूच त्याचंच असतं.

त्या शनिवारी मला एका तीन मजली संकुलातून बोलावणं आलं. मी पोचलो तेव्हा अलार्म ठणाणा वाजत होता आणि आग कुठेच नाही म्हणून बंबवाले परतायच्या बेतात होते. रायझरच्या, म्हणजे स्प्रिंकलरला पाणी पुरवणाऱ्या मुख्य उभ्या पाइपच्या, खोलीत जाऊन व्हॉल्व्ह बंद केला, पाइपांतलं पाणी काढायला मेन ड्रेन उघडला. मग वर गेलो. दिवाणखान्याच्या छताचा मोठा तुकडा सोफ्यावर पडला होता, त्यातून इन्सुलेशनचा गुलाबी लगदा लोंबत होता. मी फोनवर बायकोशी बोलत होतो ते ऐकून घरातल्या बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही मराठी? मग सांगा ना, आग नाही, धूर नाही, तर हे सुरू कसं झालं?"

"स्प्रिंकलर नाही हो सुरू झालेला," म्हटलं, "तो बघा, बल्ब शाबूत आहे." स्प्रिंकलरमधला काचेचा लाल बल्ब 68 अंशांना फुटतो. फुटला होता पोटमाळ्यातला पाइप.

वर चढून बॅटरी मारली. सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या नारिंगी पाइपला वीतभर उभी चीर गेली होती. त्याच माळ्यावरच्या शेजारच्या ओळी मात्र धडधाकट होत्या. फरक एवढाच, की इथे कुणीतरी केबल ओढताना फायबरग्लासची गादी उचलून पाइपच्या खाली सारली होती. पाइपला ऊब मिळते ती खालच्या खोलीतून. इन्सुलेशन स्वतः काही उष्णता तयार करत नाही. गोधडी पांघरायची सोडून अंथरली, म्हणजे काय होणार? वेट सिस्टीमच्या, म्हणजे कायम पाणी भरलेल्या, पाइपभोवती किमान 4 सेल्सिअस हवेत. शेजारच्या ओळींना, वीज गेली असतानाही, खालच्या घरांत उरलेल्या उबेनं तारलं असावं.

मॅनेजर म्हणाला, सगळ्या इमारतींचं पाणी तोडून टाकू. माझा साफ विरोध होता. हीटर बंद, लोक मेणबत्त्या लावून बसलेले, नेमकं तेव्हाच स्प्रिंकलर बंद ठेवायचे? मग त्यानं अँटिफ्रीझचा, म्हणजे पाणी गोठू नये म्हणून त्यात मिसळायच्या द्रवाचा, विषय काढला. त्यातला एक प्रकार ग्लायकॉल, तो सीपीव्हीसीला चालत नाही, पाइप तडकतो. आणि दुसरा ग्लिसरीन, त्याचं प्रमाण जास्त झालं तर फवाराच पेट घेतो. 2009 साली कॅलिफोर्नियातल्या ट्रकी गावात स्वयंपाकघरातल्या आगीत असा भडका उडून एकाचा जीव गेला. आता फक्त या कामासाठी मान्यता मिळालेलं द्रावणच वापरता येतं. हे ऐकून तो गप्प झाला.

तुकडा कापून नवा बसवला, पण चिकटवायचं सिमेंट गारठ्यात लवकर वाळत नाही. एरवी काही तासांत दाब देता येतो, त्या दिवशी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणं भाग होतं. तोवर त्या इमारतीला फायर वॉच, म्हणजे प्रत्येक मजल्यावर माणूस फिरवायचा, वेळ टाकून नोंद ठेवायची. बाईंच्या सासूबाई खुर्चीत शाल गुंडाळून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "रात्री फिरणाऱ्या पोराला चहा प्यायला इकडे पाठव रे." वीज नुकतीच आली होती.

बाकीच्या इमारतींचे पोटमाळे तपासायला मॅनेजर शेवटी तयार झाला. बिल मात्र केबलवाल्याला पाठवा म्हणाला. कोणत्या केबलवाल्याला, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.